उंबरीवाडीची माणसं मोजताना

आम्हा आशा सेविकांच्या मीटिंगला चहा यायला उशीर झाला, की कुणीतरी हमखास म्हणतं, "उंबरीवाडीचं काहीतरी सांगा हो!" मी एक सांगते, तेवढ्यात दुसरा आठवतो आणि आलेला चहा गार होऊन जातो. वाडी एवढीशी, पण किस्से घरटी चार!

वाडी म्हणजे पुढे धरणाचं पाणी, मागे जंगल आणि मधे आठ घरं. रस्ता नाही. पलीकडच्या बाजारगावाला जायचं तर लाँच. सातारा जिल्ह्याला समुद्र नाही असं पुस्तकात लिहिलंय, असू दे. किनारा आहे, आणि तो आमचा आहे!

*

माझं माहेर कवठे महांकाळकडचं. तिकडे पाण्याच्या टँकरची वाट बघण्यात आमचं बालपण गेलं. माझं लग्न ठरवायला माझे वडील, आबा, पहिल्यांदा लाँचमध्ये बसले, तर सारखे वाकून पाण्यात हात बुडवत होते. शेवटी माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "पावनं, एवढं पाणी! लय नशीबवान हायसा."

सासरे म्हणाले, "व्हय. आमी आमचं जुनं गाव खाली ठेवलं, तवा ते एवढं वर आलंय."

आबा घरी येऊन आईला एवढंच म्हणाले, "पोरगी तितंच द्यायची."

*

मे महिन्यात पाणी उतरलं की जुनं गाव वर येतं. भिंती कधीच गेल्या, पण कुणाचं घर कुठे होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरटी एक बाई जाऊन आपलं अंगण झाडून येते. नुसता भेगाळलेला चिखल, तरी झाडते! मला पहिल्या वर्षी हसू आलं होतं. आता मीच खराटा घेऊन पुढे असते.

एका मे महिन्यात मोजणीवाले आले. त्यांनी तिथे तिपाई रोवली आणि दुर्बिणीला डोळा लावला, तोच अक्का ओरडली. अक्का म्हणजे माझी चुलत आजेसासू, वाडीतली सगळ्यात म्हातारी.

"आवं सायेब! चुलीवर हुबा हायसा की!"

मोजणीवाल्यांनी टुणकन उडी मारली. खाली बघितलं तर नुसता चिखल. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, हळूच बूट काढून हातात घेतले आणि विचारलं, "आजी, दार कुठल्या बाजूला आहे?"

*

माझं काम वाडीतली माणसं मोजायचं. सोपं वाटतं ना? सुभेदार नानांच्या घरी जाऊन बघा! नाना फौजेतून रिटायर झालेले, दोन्ही मुलं आणि पुतण्या अजून फौजेत.

मी विचारलं, "नाना, घरात माणसं किती?"

"आजची सांगू का दिवाळीची?"

"इथे राहणारी सांगा."

"राहत्यात समदी हितंच. तीन ड्यूटीला तेवढी बॉर्डरवर गेल्यात!"

आता हे फॉर्मच्या कुठल्या रकान्यात लिहू? आमच्या ऑफिसात विचारलं तर तिथले साहेब खुर्चीतून उठून म्हणाले, "नानांना माझा सॅल्यूट सांगा." रकाना मात्र कुणीच सांगितला नाही.

*

गेल्या वर्षीचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कागद आला: प्रवासी कमी आहेत, उंबरीवाडीचा लाँचचा थांबा बंद करण्याचा विचार आहे, लाँचच्या ऑफिसातले साहेब पाहणीला येतील. पुढचा थांबा जंगलातून अडीच तासांवर. आणि नानांची थोरली सून सातव्या महिन्यात! तिला झोळीत घालून जंगलातून न्यायचं का? मला घास गोड लागेना.

साहेब सकाळच्या लाँचने आले. धक्क्यावर बसून त्यांनी मोजलं. सकाळी चढलेली माणसं दोन. त्यांनी वहीत 'दोन' लिहिलं.

कुणी वाद घातला नाही. अक्काने नाचणीची भाकरी वाढली, कुणी माशाचं कालवण आणलं, कुणी ताक. साहेब आठही घरचं जेवले. जाताना संकोचून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. मी आकडाच लिहू शकतो."

चार वाजता शेवटची लाँच आली. आमच्याकडे पाहुण्याला पाण्यावर एकटं सोडत नाहीत. ज्या घरचं तो जेवला त्या घरचा एक जण पलीकडे पोचवायला जातो, रात्री ओळखीच्या घरी मुक्काम करतो आणि सकाळच्या लाँचने परत येतो. पण साहेब आठही घरचं जेवलेले! ह्या घरचा चढला, मग त्या घरचा कसा मागे राहील? अक्का चढली, तिचा हात धरायला मी चढले, नाना चढले. नानांची सून म्हणाली, "माज्या हातचं ताक प्यालं सायेब," आणि तीही चढली. बघता बघता सगळी वाडी लाँचमध्ये!

पाण्याच्या मध्यावर साहेबांचं लक्ष गेलं. बोट नाचवत त्यांनी मोजायला सुरुवात केली. सव्वीस!

"एवढे सगळे निघालात कुठे?"

अक्का म्हणाली, "तुमाला पोचवाय."

"अहो, पण ही शेवटची लाँच! तुम्ही परत कसे येणार?"

एकाला ओळखीच्या घरी पथारी मिळते, पण सव्वीस जणांनी रात्री झोपायचं कुठे? हा विचार कुणीच केला नव्हता!

साहेब नानांच्या सुनेकडे बघत राहिले. मग त्यांनी वही काढली, 'दोन' खोडलं आणि ठळक अक्षरांत 'सव्वीस' लिहिलं. खाली लिहिलं, 'थांबा चालू ठेवावा', आणि सही ठोकली. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू!

वही बंद करून साहेब ड्रायव्हरला म्हणाले, "लाँच फिरव रे. आधी ह्या सगळ्यांना घरी सोडू, मग मी जातो."

अक्का ताडकन उभी राहिली.

"आन् मग तुमाला पोचवाय कोन येनार?"