ताशा आमच्याकडे, ढोल त्यांच्याकडे

लेकीच्या शाळेत मुलं संयुक्त राष्ट्रांची लुटूपुटूची सभा भरवतात. कुणाला फ्रान्स मिळतो, कुणाला जपान. हिच्या वाट्याला आला लिबिया. त्या देशाच्या वतीने बोलायचं, तर आधी ठरवायला हवं, कुठल्या सरकारच्या वतीने? तिथे दोन आहेत.

जेवताना ती आम्हाला समजावत होती. पश्चिमेला त्रिपोलीत एक सरकार, जगाने मानलेलं. पूर्वेला दुसरं, त्याच्या पाठीशी संसद आणि एक सेनापती. ती संसदही कधीची निवडलेली, अजून तीच बसलीय. निवडणूक ठरते आणि लांबते. तेल बहुतेक पूर्वेला, त्याचे पैसे सांभाळणारी बँक पश्चिमेला.

"धड घटना नाही ना, म्हणून हे असं होतं," नवरा गंभीरपणे म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

मी कपाळाला हात लावला. हे कोण बोलतंय, तर आमच्या गणपती मंडळाच्या तात्पुरत्या समितीचा चिटणीस! आमचं मंडळ म्हणजे परदेशातल्या या शहराचं मोठं मराठी मंडळ नव्हे, ओळखीच्या चार घरांनी मिळून काढलेलं. करोनात निवडणूक पुढे ढकलली, तात्पुरती समिती नेमली, आणि ती तात्पुरती समिती अजून आहे. मग आमच्यातल्याच, जुरोंग ईस्ट भागात राहणाऱ्या मंडळींनी आपली वेगळी समिती निवडली. खरी कोणती, यावर रॅफल्स प्लेसच्या बड्या परदेशी बँकांमध्ये मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं व्हॉट्सॲपवर तावातावाने भांडतात. दोन समित्या, दोन गणपती, तेही एकाच दिवशी, एकाच वेळी. फाटाफूट झाली तेव्हा ताशा आमच्या स्टोअररूममध्ये होता, तो आमच्याकडे राहिला. ढोल त्यांच्याकडे होता, तो त्यांच्याकडे. दोघांचाही कार्यक्रम आता स्पीकरवर.

एरवी मी म्हटलं असतं, घाला गोंधळ. पण ताशा वाजवायची माझी मुलगी आणि ढोल वाजवायची जुरोंगच्या अध्यक्षांची मुलगी. पहिलीपासूनच्या मैत्रिणी. आणि त्या मैत्रिणीच्या वडिलांचा इथे नोकरी करायचा पास या वेळी वाढला नाही, वर्ष संपायच्या आत ती मंडळी पुण्याला परत जाणार होती. पोरींचा हा शेवटचा गणपती. दोघींना एकदाच, कुठल्याही गणपतीपुढे, एकत्र वाजवायचं होतं. एवढंच मागणं.

मी लेकीच्या या मैत्रिणीच्या आईला फोन केला. तिलाही पटत होतं, पण तिचा नवरा म्हणे, ढोल तिकडे नेला तर त्यांची समिती मान्य केल्यासारखं होईल. माझा नवरा ताशाबद्दल शब्दशः हेच म्हणाला होता. शिकलेली माणसं हो ही! अक्कल गहाण टाकून बसलेली.

त्या रात्री जेवता जेवता लिबियाच्या भाषणाची तालीम संपली तरी लेक उठली नाही. बोटांनी टेबलावर ताशाचा ठेका धरून बसली होती. मग बापाकडे बघून मराठीत, अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, त्यांना निदान तेल हवंय. तुम्हाला काय हवंय?"

घरात एरवी इंग्रजीच झाडणारी ही पोरगी. मराठीत विचारलं म्हणून जास्त लागलं असावं. नवऱ्याने ताट बाजूला सारलं. मला वाटलं, आता उठेल आणि फोन लावेल. उठला, हात धुतले, आणि म्हणाला, "तिचं बरोबर आहे. मी हा विषय समितीपुढे ठेवतो."

ठेवलाही, खोटं कशाला बोलू. त्यांच्या अध्यक्षांनीही आपल्या समितीपुढे ठेवला. गणपती आले, स्पीकरवर वाजले, गेले. दोन्ही समित्यांनी मिळून एक संयुक्त उपसमिती नेमायचं ठरवलं, एकमताने, आणि नवरा चक्क खूश होऊन घरी आला.

त्या उपसमितीची पहिली बैठक आमच्याच घरी झाली. मी सगळ्यांना चहा दिला. लेक आतल्या खोलीत पुण्याला व्हिडिओ कॉलवर होती. तिकडे मैत्रीण नव्या शाळेचा युनिफॉर्म दाखवत होती.