राहेलबाईंच्या पुस्तकात नसलेलं

राहेलबाईंसमोर काही बोलायचं तर पुरावा हाताशी ठेवावा लागे. "कुठी लिवलं हाये?" हे त्या इतक्या सवयीनं विचारायच्या, की अंबाडीच्या भाजीत लसूण आधी घालावा की मागून, यावरही एकदा विचारून बसल्या आणि मग स्वतःच हसल्या. धर्माचं निघालं की मात्र हसणं बंद. मांडीवरच्या पवित्र शास्त्रावर बोट टेकायचं, आणि समोरचीनं अध्याय-वचन सांगेपर्यंत तिथून हलायचं नाही.

सदर भागात आमच्या खोल्यांची एक ओळ होती. मी कामठीची, कॅथलिक घरातली, लग्न होऊन तिथं आले. शेजारच्या खोलीत राहेलबाई आणि त्यांचा मुलगा योहान. नवरा कधीचाच गेलेला. त्या प्रॉटेस्टंट मंडळीतल्या बायबल-बाई, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या. तुम्ही म्हणाल, दोघीही ख्रिस्ती, मग भांडण कशाचं? अहो, तेच तर. हिंदू शेजारणींशी त्या कधी वाद घालत नसत. सगळा माझ्यासाठी राखून ठेवलेला.

पहिल्याच आठवड्यात घरी आल्या. भिंतीवरची पवित्र मरियेची तसबीर, तिच्यापुढची मेणबत्ती, खिळ्याला टांगलेली जपमाळ, सगळं नीट पाहिलं. "सारं हाये वं मेरी तुह्या घरी. पुस्तक कुठी हाये?" खरंच नव्हतं. आमच्यात तेव्हा शास्त्र फादरांनी वाचायचं आणि आपण ऐकायचं.

"म्हंजे देवाचं पत्र तुले आलं, अन् तू पोस्टमनलेच वाचाले सांगतलं."

मी पण काही कमी नव्हते. म्हटलं, "अन् तुमी साऱ्या आपापलं वाचता, आपापला अर्थ लावता. म्हणून तं तुमच्या मंडळ्या फुटून राहिल्या."

"फुटू दे. वाचून तं फुटल्या."

पुढे आमच्या चर्चमधलं लॅटिन गेलं आणि मिस्साची उपासना आपल्या भाषेत होऊ लागली. त्यावर म्हणाल्या, "देवाले मराठी याले लागलं का आता?" मी आठवडाभर बोलले नाही. शेवटी त्या स्वतःच वाटीभर पातोडीचा रस्सा घेऊन आल्या. अशी आमची वर्षं गेली. आता आठवलं की दमायला होतं, एवढं बोललो आम्ही.

एक मात्र सांगायला हवं. मी शाळेत चौथीपर्यंत गेलेली. न अडखळता वाचायला शिकले ती त्यांच्याच पुस्तकावर. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा दुपारी मी त्यांना वाचून दाखवू लागले. अडले की पुढचं त्या तोंडपाठ म्हणायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "पोपची पोर हाये, पन वाचते चांगली."

योहान सीताबर्डीला कापडाच्या दुकानात होता. दारू लागली, उपासनेला येणं सुटलं. एका संध्याकाळी राहेलबाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शुद्धीत असशील तं ये. नाई तं हे घर तुहं नाई." तो गेला तो गेलाच. मग काविळीनं वारल्याचा निरोप आला, जिवंतपणी भेट झालीच नाही.

दफनाला मी होते. पाळकांनी मागे राहिलेल्यांना धीर मिळावा म्हणून प्रार्थना केली, योहानसाठी केली नाही. यात त्यांचा आकस नव्हता. त्यांची शिकवणच तशी, की माणूस गेला म्हणजे त्याचा न्याय देवाच्या हाती. मागच्यांच्या प्रार्थनेनं त्यात फरक पडत नाही. राहेलबाईंनी जन्मभर बायकांना हेच शिकवलेलं. नोव्हेंबरात आम्ही मृतांच्या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लावतो, त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करतो, त्यावर त्या दरवर्षी म्हणायच्या, "मेलेल्याची वकिली चालत नाई वं."

काही महिन्यांनी, दुपारी वाचता वाचता त्यांनी मला थांबवलं. "मेरी, तुमी लोकं मेलेल्यासाठी मांगता, थे कशाच्या जोरावर?" वाद घालायचा सूर नव्हता. मी त्यांना आमच्या फादरांकडे नेलं. फादर केरळचे, मोडकं हिंदी बोलायचे. इंग्रजी बायबल उघडून त्यांनी मक्काबींच्या, म्हणजे जुन्या काळच्या यहुदी लढवय्यांच्या, पुस्तकातलं सांगितलं. लढाईत पडलेल्या शिपायांसाठी त्यांच्या सोबत्यांनी अर्पण गोळा केलं, त्यांच्या पापाची क्षमा मागितली.

"पाप केलेलेच होते?" राहेलबाईंनी विचारलं.

"हो. अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडले होते."

त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "हे पुस्तक आमच्या शास्त्रात नाई."

"तुमच्या लोकांनी काढलं," फादर हळूच म्हणाले.

"त्यायनं काढलं का तुमी घातलं, थे भांडाची ताकद नाई मले आता."

रिक्षात मी म्हटलं, "राहेलबाई, लिवलेलं तं भेटलं. मांगा नं पोरासाठी. कोन ऐकाले बसलं?"

त्यांनी पदरानं चष्मा पुसला, पुसत राहिल्या. "एका बाईचं लेकरू बाप्तिस्म्याच्या आधी गेलं होतं. मले म्हणे, बाई, दोन शब्द मांगू का त्याच्यासाठी? मी म्हटलं, पुस्तकात नाई. थे बाई उठून गेली. आता माह्या पोरासाठी मी पुस्तक बदलू?"



घर आलं. कुलूप काढता काढता त्यांनी विचारलं, "तू मांगते का योहानसाठी?"

"मांगतो जी. तो गेला त्या दिसापासून."

"मांग. तुह्या शास्त्रात हाये, तुले मनाई नाई." दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबल्या. "माह्यासाठी मातर नको मांगू, मी गेल्यावर. मी बायांले जे सांगतलं, त्याच्यावरच मले जाऊ दे."

त्यानंतर आमचा वाद असा झाला नाही. मी वाचायचे, त्या ऐकायच्या. दोन-तीन उन्हाळे असे गेले, आणि एका दुपारी मी अडखळले तेव्हा पुढचं वचन आलं नाही.

नोव्हेंबरात फादर प्रार्थनेसाठी गेलेल्यांची नावं विचारतात. आईवडिलांचं सांगते, नवऱ्याचं सांगते, योहानचं सांगते. राहेलबाईंचं जिभेवर येतं, आणि मी तोंड मिटून घेते. वय झालं, आता हे फार जड जातं.