शेवटची खुंटी

कागलजवळ नव्या गोल्फ मैदानाची हद्द आखायचं काम माझ्याकडे होतं. हद्दीवर पांढऱ्या खुंट्या ठोकायच्या; त्यांच्या पलीकडे गेलेला चेंडू बाद. शेवटच्या खुंटीपलीकडच्या माळावर एक म्हातारी रोज बसलेली असायची. कुणाला तरी झोपवत असल्यासारखी ती जमीन थोपटत राहायची. आणि रोज सकाळी तेवढी एकच खुंटी उपटून आडवी ठेवलेली सापडायची.

शेवटी मी वैतागून विचारलं, "मावशी, खुंटी का उपटता?"

"पावणं, माझ्या लेकीच्या उशाशीच ठोकलीसा की. तान्ही गेली, हितंच पुरलीया. हातोडा वाजला की दचकती."

मी वाद घातला नाही. खुंटी मैदानाच्या बाजूला बरीच आत घेतली आणि ठोकू लागलो. दुसऱ्या घावाला मातीतून बारीक हुंदका आला. मी थांबलो. भर दुपारी त्या माळावर आम्हा दोघांशिवाय कुणीच नव्हतं.

म्हातारीनं वर बघितलंही नाही. थोपटत थोपटतच म्हणाली, "ऐकलासा न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

मग हातोडा बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबत, आवाज न करता, ती खुंटी जमिनीत बसवली.