सातेरीच्या पेट्या

आमच्या मुलुंडच्या भजनी मंडळाची मीटिंग कधीच वेळेत संपत नाही, आणि त्याला कारण मधमाश्या! देवीची सेवा म्हणून कोकणातल्या आमच्या गावच्या बायकांना मधमाशीपालन शिकवायचं ठरवलं, तेव्हा वाटलं होतं की मध मिळेल. मिळतोही, झकास मिळतो. पण अहवाल लिहायला बसले की आधी किस्सेच आठवतात. सेक्रेटरी मी, मग सांगणार कोण? मीच!

*

पहिली घोषणा मी केली. "यंदा मंडळ गावातल्या बायकांना दहा पेट्या देणार!"

टाळ्या पडल्या. फक्त आमचे हार्मोनियमवाले नारूबुवा लालबुंद होऊन उठले. "माझ्या पेटीचे दोन सूर मेलेत, तिकडे कोण बघत नाय! आणि गावच्या बायकांना दहा-दहा? त्या काय डबलबारीत भजनाचा सामना लावणार?"

मधमाश्यांच्या पेट्या आहेत, असं सांगितल्यावर बुवा बसले. बसताना पुटपुटले, "माश्या तरी सुरात असतील."

*

पेट्यांची ऑर्डर साकीनाक्याच्या एका सुताराला फोनवरून दिली. "देवीच्या मंडळासाठी दहा लाकडी पेट्या, फट ठेवायची." माश्यांचं सांगायचं माझ्याकडून राहिलं.

घ्यायला गेले, तर प्रत्येक पेटीला वर फट, पुढे कुलूप आणि लाल रंगात लिहिलेलं 'गुप्तदान'!

मी कपाळावर हात मारला आणि माश्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मंदिर का पेटी बोला था ना! मक्खी दान करेगी क्या?"

सगळ्या दुरुस्त करून घेतल्या, पण एकीवरचं 'गुप्तदान' पुसायचं राहून गेलं. सगळ्यात जास्त मध तीच देते.

*

पेटीत पाळतात त्या माशीचं नाव सातेरी. आमच्या ग्रामदेवीचं नावही सातेरी! हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

ट्रेनिंग देवळाच्या मंडपात होतं. शिकवायला आलेले सर घाटावरचे. ते उत्साहात म्हणाले, "आधी सातेरीला पकडायचं, धूर द्यायचा आणि पेटीत कोंडायचं!"

शिकायला आलेल्या सुशीलामावशी पदर खोचून उभ्या राहिल्या. "आमच्या आईक कोंडतलास? धूर देतलास? जीभ झडात तुझी!"

सरांनी हात जोडून माफी मागितली. कशाबद्दल, ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

तेव्हापासून गावात पेटी म्हणजे देवीच. नारळ ठेवल्याशिवाय आणि देवळाचे मानकरी तात्या यांनी देवीला गाऱ्हाणं घालून कौल मागितल्याशिवाय कोणी झाकण उघडत नाही. आम्ही मुंबईत यावर पोट धरून हसलो. तेव्हा आमच्या डोक्यात गावातली रंजना आली नाही, याची मला आजही लाज वाटते.

*

मधाचा पहिला स्टॉल घाटकोपरच्या एका सोसायटीत लावला. सुशीलामावशी खास गावाहून आल्या होत्या. एका बाईंनी विचारलं, "शुगर फ्री है क्या?"

मावशी म्हणाल्या, "शुगर हाय! मक्खी फ्री!"

बाई बाटली उजेडात धरून माशी शोधायला लागल्या.

*

आता रंजना. नवरा गेलेला, पदरात दोन मुली, काजूच्या कारखान्यातलं काम सुटलेलं. पेटी तिलाच सगळ्यात आधी मिळायला हवी होती. पण पहिल्या वर्षी तात्यांनी तिचं नाव खोडलं. "विधवा बाईन सातेरीक हात लावचो नाय."

दुसऱ्या वर्षी मी तिचं नाव यादीत सर्वांत वर लिहिलं आणि सरांच्या ट्रेनिंगला स्वतः गावाला गेले. तात्यांचं उत्तर तेच. माझं डोकं भणभणलं. मी भाषण ठोकणार, तेवढ्यात मंडपाच्या खालच्या पायरीवरून रंजना बोलली.

"सर, त्या राणीमाशेचो घोव खंय रवता?"

सर शिकवण्याच्या नादात. म्हणाले, "नर? मीलन झालं की हवेतच मरतात. राणी एकटीच पेटीत परत येते."

"आणि मगे?"

"मग काय, सगळं घर तीच वाढवते."

तात्यांनी देवीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "बाये, चपला काढ आणि वर ये."

रंजना म्हणाली, "चपला कवाच काढलंय, तात्यानू!"