पिंजऱ्यातली सकाळ

छावणीच्या बाजारात नव्या रेनकोटांचा रबरी वास आला की मला तो पिंजरा आठवतो. तीन वर्षं नवऱ्याच्या आजारपणात उशाशी जागून, रात्रंदिवस त्यांच्या हाकेसरशी उठून मी पार थकले होते. ते गेल्यावर मुलानं मला दक्षिण आफ्रिकेला, त्याच्या नोकरीच्या गावी नेलं. एका सकाळी रबरी पोशाख चढवून आम्ही दोघं शार्क बघायला बोटीला बांधलेल्या लोखंडी पिंजऱ्यातून समुद्रात उतरलो. पाणी बर्फासारखं गार होतं. हातभर अंतरावरून एक राखाडी शार्क सावकाश निघून गेला आणि मी नुसती बघत राहिले. वर आल्यावर मुलानं विचारलं, "आई, भ्यालीस का गं?" "नाय रं," मी म्हटलं, "तिथं कोणी हाक मारत नव्हतं. लई बरं वाटलं." माझे ओले केस पुसता पुसता तो रडायला लागला. मी मात्र बोटीच्या बाकावरच गाढ झोपले. तशी झोप मला अजून पुन्हा लागलेली नाही.