रकान्यात न बसलेली गाठ

रिटायर कारकून जमले की आधी बदल्यांचे किस्से निघतात, मग व्याह्यांचे, आणि सत्तरीकडे झुकलं की दवाखान्यांचे. हे शेवटचे जमवावे लागत नाहीत, आपोआप दाखल होतात. संग्रामपूरला तहसीलसमोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही तिघं बसतो: मी, गुलाबराव आणि भास्करराव. तिघांची नोकरी एकाच कचेरीत गेली. सध्या सगळे किस्से भास्कररावांच्या नावावर आहेत.

*

दोन वर्षांपूर्वी भास्कररावांच्या मोठ्या आतड्यातला कॅन्सर कापून काढला. नंतर दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. त्यात एक आकडा असतो. तो वाढला, की आजार कुठेतरी परत आला असं समजायचं. आकडा वाढला. पोटाचा, छातीचा सीटी स्कॅन काढला, तर तो स्वच्छ.

"सगळं साफ आहे, तं आकडा काऊन वाढून राह्यला?" गुलाबरावांनी विचारलं.

"जमिनीचा पत्ता नाही, पण सातबाऱ्यावर क्षेत्र वाढून राह्यलं," भास्करराव म्हणाले. "आपल्या कचेरीत नोयतं का झालं असं?"

*

मग शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पेट स्कॅन ठरला. सोबत मी होतो. डॉक्टरांनी समजावलं, की शिरेतून किरणं सोडणारी साखर देतात, कॅन्सर ती अधाशासारखी खातो आणि खाताना फोटोत चमकतो.

भास्करराव पंधरा वर्षांचे मधुमेही.

"मले बिनसाखरेचा चहा," ते म्हणाले, "आन् आंगातल्या भाडेकरूले सुईनं साखर."

*

हा स्कॅनही स्वच्छ निघाला. गुलाबरावांनी टपरीवर पेढे वाटले. भास्कररावांनी अर्धा पेढा तोंडात टाकला आणि बसल्या बसल्या उजवी पोटरी दाबू लागले. तिथे लिंबाएवढी गाठ होती, चार महिन्यांपासून. सोनाळ्याचा एक मालिशवाला दर रविवारी तिच्यावर तेल चोळत होता. त्याच्या मते नस चढली होती.

"हे डॉक्टरले सांगितलं का?" गुलाबरावांनी विचारलं.

भास्कररावांनी माझ्याकडे पाहिलं.

स्कॅनचा फॉर्म मी भरला होता, माझं अक्षर चांगलं म्हणून. भूक, वजन, शौच, खोकला असे रकाने होते. भरताना ते म्हणाले होते, "पायाचं लिहतं का?" मी म्हणालो होतो, "रकाना नाही." विचारलं तेवढंच लिहायचं, जास्त लिहिलं की शंका निघतात आणि फाईल परत येते. आम्ही दोघांनी मिळून नव्या पोरांना तीस वर्षं हेच शिकवलं.

"खाली दोन ओळी जागा होती," भास्करराव म्हणाले. "तू तिथं आडवी रेघ मारली."

कोऱ्या जागेत मागून कोणी काही घुसडू नये म्हणून रेघ मारतात. सवय.

*

परत शहरात गेलो. नेहमीचा स्कॅन डोक्यापासून अर्ध्या मांडीपर्यंतच काढतात, असं तिथे कळलं. सांगितलं असतं तर पायही घेतले असते.

"इतके महिने सांगितलं का नाही?" डॉक्टर म्हणाले.

"तुमी कुठं इचारलं?"

"अहो, आतड्याचा कॅन्सर पोटरीच्या स्नायूत सहसा जात नाही."

"हे त्याले कोनं सांगितलं होतं का?"

या वेळी स्कॅन पायाच्या बोटांपर्यंत काढला. पोटरी दिव्यासारखी चमकली. सुई घालून तुकडा तपासला, तो तोच आजार निघाला. फुप्फुसांत दोन ठिपके होते. ते मागच्या वेळी नव्हते.

*

भास्कररावांच्या घरी वहिनींनी मला अंगणात गाठलं. "भाऊजी, फुप्फुसाचं त्यायले सांगू नका. खचतीन."

संध्याकाळी टपरीवर भास्करराव म्हणाले, "फुप्फुसाचं तुह्या वहिनीले सांगू नको बे. जेवणार नाही ते."

मी दोघांनाही हो म्हणालो. आमच्या कचेरीतल्या गोपनीय पत्राचंही असंच व्हायचं. ज्याच्याबद्दल असेल, त्याच्याच टेबलावरून ते पुढे जायचं.

*

केमोच्या दुसऱ्या खेपेला डॉक्टर स्वतः एक कागद घेऊन आले. खुशीत होते. अशी केस त्यांनी आजवर पुस्तकातच वाचली होती. डॉक्टरांच्या परिषदेत ती मांडायची होती. नाव येणार नाही, फक्त स्कॅनचे फोटो दाखवणार, त्यासाठी संमतीची सही हवी होती.

भास्कररावांनी कागद दोनदा वाचला, सही केली, खाली तारीख घातली.

"परिषद कवा आहे?"

"पुढच्या वर्षी, जानेवारीत."

"तवा मी लागतो का, का कागदावरच भागते?"

डॉक्टर मोबाइलमध्ये त्या पोटरीचा फोटो शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "नाही नाही, कागदावर भागतं."