सुईणबाईंची गल्ली

गल्लीला सुईणबाईंचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा त्यांना जाऊन तीस वर्षं झाली होती. त्यांची लेक त्याच गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या खोलीत शिवणकाम करायची. सगळे तिला मावशी म्हणत. पाटीची बातमी घेऊन नगरसेवक स्वतः आला, तेव्हा ती कुणाच्या तरी झग्याची बाही उसवत बसली होती.

"मावशी, पडदा तुम्हीच ओढायचा हं. साथीत दवाखान्याला कुलूप लागलं, तेव्हा ही अख्खी गल्ली तुमच्या आईच्या जिवावर तगली. मीसुद्धा त्यांच्याच हातचा."

मावशीला ते चांगलंच ठाऊक होतं. ज्या दुपारी हा जन्मला, त्याच दुपारी तिलाही कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायच्या आधीच. नवरा दोनदा धावत जाऊन सासूला निरोप देऊन आला. दोन्ही वेळा उत्तर एकच, "येते." आई आली ती दिवेलागणीला. तोवर शेजारणीने बाळाला फडक्यात गुंडाळलं होतं. मुलगी होती. रडलीच नाही. आईने फडकं उघडून पाहिलं, परत नीट गुंडाळलं आणि लेकीसाठी पाणी तापत ठेवलं. डोळ्यांत टिपूस नाही.

पुढे मावशीची कूस पुन्हा उजवलीच नाही. आईशी ती बोलायची, पण कामापुरतं. लोक आईचे गोडवे गायला लागले, की हिचं मशीन जोरात चालायचं.

नगरसेवक स्टुलावर टेकला.

"मी पायाळू, त्यात अडकलेला. आमची आई सांगायची, मधेच दोनदा कुणीतरी सुईणबाईंना बोलवायला आलं. त्या दारापर्यंत जायच्या, परत फिरायच्या. मला बाहेर काढताना घळाघळा रडत होत्या म्हणे. आईला वाटलं, आता आपलं काही खरं नाही!" तो हसला. "कुणाकडचं बोलावणं होतं, देव जाणे."

मावशीच्या हातून कात्री भलतीकडेच गेली.

"असेल कुणीतरी," ती म्हणाली.

सगळं अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर बसलेला माणूस पन्नाशीचा, केस पिकलेला. जन्माला आल्याबद्दल त्याला कशाला अपराधी करायचं?

समारंभात तिने पडदा ओढला. टाळ्या झाल्या. "दोन शब्द बोला" म्हणून कुणी माईक पुढे केला, तर तिने नुसती मान हलवली. लोकांना वाटलं, बाई बुजली.

गर्दी पांगल्यावर मांडववाले खुर्च्या टेम्पोत चढवू लागले. मावशी उठून पाटीच्या भिंतीशी गेली.

"सांगायचं तरी होतंस गं," ती पुटपुटली. "मी नाही विचारलं. पण तू सांगायचंस ना."

आणि तिला हुंदका आवरेना. एका मांडववाल्याने हातातली खुर्ची ठेवली आणि जवळ येऊन विचारलं, "आजी, काय झालं?"

"आई गेली माझी," मावशी म्हणाली.